नाशकात बसून समुद्राचा अभ्यास होतो का? टीवायच्या एका पोरीला दिलेलं लांबलचक उत्तर

तुझा प्रश्न असा की टीवाय बीएला आहेस, विषय इतिहास, घर निफाडकडचं, द्राक्षाची बाग, पुढं सागरी इतिहास आणि सागरी सुरक्षा ह्यात काहीतरी करायचंय, पण घरचे हसतात की उन्हाळ्यात गोदावरीला पाणी नसतं आणि हिला समुद्र पाहिजे, कॉलेजातले सर म्हणतात गुपचूप एमपीएससी कर, आणि तुला कळत नाहीये की एमए इतिहासात करावं का संरक्षणशास्त्रात, आणि शेवटी नोकरी लागते का. एवढं सगळं एकदम विचारलंस म्हटल्यावर उत्तर लांबणार, चहा घेऊन बस.

मी ह्यात सत्तावीस वर्षं आहे. मराठ्यांच्या किनाऱ्यावरच्या जहाजांच्या परवान्यांवर पीएचडी, मग बरीच वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणं, मग दिल्लीत एका संशोधन संस्थेत सागरी सुरक्षेवर काम, आणि आता परत नाशिक, गंगापूर रोड. समुद्र पहिल्यांदा पाहिला चौदाव्या वर्षी, शाळेच्या सहलीत अलिबागला, आणि घाटात बस लागून इतकी बेजार झाले होते की किल्ला बघायच्या आधी लिंबू-सरबत शोधत होते. तेव्हा दर्यावर्दी घराणं वगैरे माझ्याकडंही काही नाही.

आधी ते समुद्र नसण्याचं बघू, कारण तुला सगळ्यात जास्त तेच टोचलेलं दिसतंय. एखाद्या रविवारी पांडवलेण्यावर जा आणि सरळ दहा नंबरच्या लेण्यात जा, नहपानाचं लेणं म्हणतात ते. तिथं व्हरांड्यात ब्राह्मीत कोरलेला उषवदाताचा लेख आहे. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई, आणि नहपान म्हणजे क्षहरात घराण्याचा क्षत्रप, राजाच म्हण. पठ्ठ्यानं काय काय दान केलं त्याची यादीच दिलीय, गाई, गावं, सोनं, आणि त्यातच एक ओळ अशी येते की इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका ह्या नद्यांवर त्यानं पुण्यासाठी होड्यांची फुकट ने-आण सुरू केली. पारादा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा, ह्या दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या डोंगरात उगम पावतात आणि पश्चिमेला उतरून समुद्राला मिळतात. दाहनुका म्हणजे डहाणूकडची. ह्याच लेखात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथं त्यानं धर्मशाळा बांधल्याचं आहे, म्हणजे भडोच, मंदसोर, आपलं गंगापूरजवळचं गोवर्धन आणि सोपारा. आता घरी येऊन ही नावं नकाशावर पेन्सिलीनं मांड. भडोचपासून सोपाऱ्यापर्यंतची किनारपट्टी आणि ती वरच्या देशाला जोडणारा रस्ता, असं चित्र आपोआप उमटतं, आणि नाशिक त्या रस्त्यावर बसलेलं दिसतं. आणि अजून एक, फुकट ने-आण करून पुण्य लागतं ह्याचा अर्थ एरवी पैसे पडत होते. दानाच्या लेखातून जकातीचा अंदाज काढायचा, आमचं काम हे असलं असतं.

आता तीन नंबरच्या लेण्यात ये. तिथं गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू पुळुमावीच्या १९व्या वर्षातला, आणि त्यात तिनं आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं कौतुक केलंय की ह्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं आणि ह्यानं क्षहरातांचा वंश निखालस संपवला. म्हणजे ज्या घराण्याच्या जावयानं दहा नंबरमध्ये होड्यांचं पुण्य कोरलं, त्याच घराण्याला संपवल्याचं त्याच डोंगरात पाच-पन्नास पावलांवर दुसऱ्यानं कोरलं. आणि तुझ्या निफाडपासून लांब नसलेल्या जोगलटेंभीला १९०६ साली नाण्यांचा ढिगारा सापडला, नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला. हेच भांडण समुद्राच्या बाजूनं बघायचं तर पेरिप्लस नावाची एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं पहिल्या शतकात लिहिलेली वाटखूण-वही आहे, तीत लिहिलंय की कल्याण पूर्वी राजरोस चालणारं बंदर होतं, पण आता तिथं ग्रीकांचं जहाज चुकून लागलंच तर पहारा बसवून ते भडोचला नेतात. भडोच नहपानाकडं, कल्याण सातवाहनांच्या बाजूचं. म्हणजे एका बंदराचा व्यापार तोडून तो दुसऱ्या बंदराकडं वळवणं, ज्याला आजकाल नाकेबंदी म्हणतात त्याचीच ही जुनी तऱ्हा, आणि तिचा अर्धा पुरावा नाशिक जिल्ह्यात दगडावर आणि चांदीवर पडलेला आहे. घरच्यांना एवढं सांगून बघ, हसू थांबलं नाही तरी कमी होईल.

मला जे खरं सांगायचंय ते इथनंच सुरू होतं. ह्या विषयात येणारी पोरं येतात जहाजांच्या प्रेमात पडून. तोफा किती, डोलकाठ्या किती, पाणबुडी किती खोल जाते. त्यात वाईट काही नाही, पण त्यावर करिअर होत नाही, यूट्यूब चॅनल होतो फार तर. ह्या विषयाचा गाभा एकच, वाट कोणाची, त्या वाटेनं जायला परवानगी कोण देतो आणि त्याचे पैसे कोण घेतो. नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून वाटेवर दगडी रांजण दाखवतात जकातीचा म्हणून, तेच पाण्यावर करायचं तर काय लागतं एवढा विचार कर.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांनी अरबी समुद्रात कार्ताझ सुरू केला, परवान्याचा कागद. त्यावर जहाजाचं नाव, तांडेल कोण, कुठून कुठं जाणार, हत्यारं किती, कोणता माल न्यायचा नाही, आणि आमच्या बंदराला लागून जकात भरून जायचं. कागद नसला की जहाज जप्त. समुद्र आपल्या मालकीचा आहे असं म्हणायला त्यांच्याकडं एकच पुरावा होता, तो म्हणजे लोक कागद घेत होते. मग मराठ्यांनी तेच केलं, आंग्र्यांचे दस्तक म्हणजे तोच प्रकार, आणि इंग्रजांच्या मुंबईकरांचा सगळा जळफळाट ह्यावरच होता की कान्होजी कोण आम्हाला परवाना विचारणारा. ते त्याला चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हणत राहिले, आणि तो १७२९ला वारला तोवर त्याला कुणी हलवू शकलं नाही. चाचा कोण आणि सरखेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख, कोण हे कागद कोणाचा चालतो त्यावर ठरत होतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर वेगळं प्रकरण आहे, ते मुळातून वाच, मराठीतच आहे, कुणाच्या भाषांतराची गरज नाही. ज्याच्याजवळ आरमार त्याचा समुद्र हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, भाषणात येतं, बॅनरवर येतं. पण मला त्या प्रकरणातला लाकडाचा भाग जास्त आवडतो. आरमाराला सागवान लागतं ते हुजूरची परवानगी घेऊन तोडा, पण आंबा-फणसाला हात लावू नका, कारण ती झाडं काही वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पारावार नाही. आता बघ, हा पर्यावरणाचा वगैरे उमाळा म्हणून फॉरवर्ड होतो, पण आरमाराचा अभ्यास करणाऱ्याला त्यात दिसतं की लाकूड तुटवड्यात होतं, किनाऱ्यावरची रयत नाराज झाली तर खलाशी आणि बातमी दोन्ही बंद होतात, आणि सरकारला हे कळत होतं. एकच उतारा, वाचणारा कोण त्यावर सगळं.

आता तुझ्या बागेकडं येऊ. २०२३च्या नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात गॅलक्सी लीडर हे जहाज पकडलं आणि मग जहाजांवर ड्रोन-क्षेपणास्त्रं सुरू झाली, मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, युरोपला जायला दहा-पंधरा दिवस जास्त. ते नेमकं आपल्या एक्स्पोर्टच्या सीझनवर आलं. त्या फेब्रुवारीत मी पिंपळगावला एका ओळखीच्या पॅकहाऊसवर गेले होते. आत थंडीत बायका मणी कापत होत्या, पेटीत गंधकाचं पॅड ठेवत होत्या, आणि बाहेर मालक फोनवर हिशेब करत होते की कंटेनरचं भाडं वाढलं, माल पंधरा दिवस जास्त पाण्यावर राहणार, म्हणजे साखर कितीला काढायची, देठ हिरवा राहील का, तिकडं पोचेपर्यंत मणीगळ झाली तर क्लेम कोण देणार. ते मला म्हणाले मॅडम तुमच्या त्या समुद्राचं काहीतरी करा. मी म्हटलं माझा असता तर केलं असतं. पण बघ ना, येमेनच्या डोंगरातल्या लोकांनी ठरवलं कोणाला जाऊ द्यायचं, आणि दर पडला पिंपळगावात. ह्याआधी २०२१च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये आडवं झालं होतं, चारशे मीटरचं जहाज, २३ तारखेपासून २९पर्यंत कालवा बंद, तेव्हाही सीझनच चालू होता. ही तुझ्या घरातली केस आहे आणि दिल्लीत बसलेल्या कुणाकडं ती नाही.

त्यातलीच अजून एक गंमत, जी बघून मी खुर्चीतून उठले होते. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं, जहाज कोण, कुठं, कुठं चाललंय हे सतत सांगत राहतं, आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजाला ते लावावंच लागतं. त्यात एक रकाना असतो, कुठं जाणार तो. २०२४च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या काही जहाजांनी त्या रकान्यात बंदराचं नाव टाकायचं सोडून लिहिलं, ऑल क्रू चायनीज. काहींनी लिहिलं इस्राएलशी संबंध नाही. म्हणजे काय, तर जहाज कोणाचं, माणसं कोण, हे सांगून वाट मागायची. मी ज्या कागदांवर पीएचडी केली त्यातलेच रकाने पडद्यावर. आणि त्याच वेळी युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याजवळ गेला, एका फेरीचा हां, म्हणजे दहा कोटी डॉलरच्या जहाजाला दहा लाख डॉलरच्या घरात. कागद नको असेल तर पैसे भर, पैसे नको असतील तर वळसा घाल.

पण इथंच तुला एक दम देऊन ठेवते. असं साम्य दिसलं की हात शिवशिवतात, हुथी म्हणजे आजचे आंग्रे असं शीर्षक डोक्यात येतं आणि ते छापूनही येतं. करू नकोस. कान्होजीकडं किल्ले होते, बंदरं होती, छत्रपतींची सनद होती, दस्तक घेतलेल्या जहाजाचं संरक्षण करायची जबाबदारी तो घेत होता. हुथींचं राजकारण वेगळं, कायदा वेगळा, काळ वेगळा. साम्याचा उपयोग प्रश्न सुचण्यापुरता, उत्तर कागदातनंच काढायचं. मी दिल्लीत ज्या संस्थेत होते तिथं मला एकदा दुपारी तीन वाजता सांगितलं की संध्याकाळी सहापर्यंत किनारी सुरक्षेवर आठशे शब्द द्या, शिवाजी महाराजांपासून २६/११पर्यंत. मी दिले. सुबक झाले, छापून आले, कौतुक झालं, आणि त्यात मी नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि मच्छीमार ह्यांच्यात बातमी कशी फिरते ह्याबद्दल एक वाक्य लिहिलं नव्हतं, खरा प्रश्न तोच असताना. २६/११चे अतिरेकी ज्या कुबेर बोटीतून आले ती मासेमारीची होती, समुद्रात हजारो तशा बोटी असतात, त्यातली कुठली वेगळी वागतेय हे आधी शेजारच्या बोटीवाल्याला कळतं. ते लिहायला वसई-पालघरच्या कोळीवाड्यात महिनाभर बसावं लागतं. आठशे शब्दांत नाही होत. त्या लेखाची मला अजून लाज वाटते.

बरं, इतिहास का संरक्षणशास्त्र. माझं मत सरळ आहे, एमए इतिहासात कर आणि सुरक्षा त्यावर चढव. उलटं करणारेही चांगले आहेत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा जुना विभाग आहे, तुझं कॉलेज त्याच विद्यापीठाला जोडलेलं असेल, तिथं जाऊन बघ. पण सुरक्षेचा विषय तिशीत शिकता येतो, कागद वाचायची सवय विशीत लागली तर लागते. नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, दोन्ही विषय वेगवेगळे आहेत, सागरी असा वेगळा पेपर नाही, त्यामुळे कुणी सागरी इतिहासात नेट करून देतो म्हणाला तर फी भरू नकोस.

सगळ्यात मोठा दगड म्हणजे भाषा. इथं बहुतेक जण गळतात. मराठ्यांचा किनारा घेतलास तर मोडी पाहिजेच, तिला पर्याय नाही, आणि दुसरी पोर्तुगीज. सुरत-गुजरात घेतलंस तर डच किंवा फारसी. सगळ्या नकोत, दोन निवड आणि त्यांच्याशी संसार कर. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकर नावाचे संशोधक होऊन गेले, तिथल्या अभिलेखागाराचे प्रमुख, त्यांनी पोर्तुगीज कागद लावून मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला, आणि आजही पणजीच्या अभिलेखागारात बसलं की त्यांनी केवढं उपसलंय ते कळतं. मुंबईत भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम होते, त्यांनी खलाशांकडून, माल्मींच्या, म्हणजे जहाजाची वाट काढणाऱ्यांच्या, पोथ्यांतून तारे-वारे-खुणा गोळा केल्या. इतिहासवाल्यांनी जे करायला हवं होतं ते भूगोलवाल्यानं केलं, असो.

मोडी शिकायला वर्ष पुरतं, वाचायला दहा वर्षं लागतात. पुण्यात पेशवे दफ्तर आहे, तिथं कागद कापडात बांधलेले असतात, त्याला रुमाल म्हणतात. पहिला रुमाल सोडला तेव्हा पत्रातून बारीक चमचमती वाळू टेबलावर पडली, शाई सुकवायला टाकायचे ती. अडीचशे-पावणेतीनशे वर्षं ती घडीत बसलेली, आणि मी येडी ती फुंकून टाकणार होते. शेजारच्या म्हाताऱ्या वाचकांनी हात धरला. पेनला परवानगी नाही, पेन्सिलच, आणि कसरीनं खाल्लेला शब्द अंदाजानं भरायचा नाही, मोकळी जागा सोडायची.

आणि आता माझी घोडचूक, म्हणजे तू करणार नाहीस. मराठी पत्रांत साल शुहूर सनात असतं आणि आकडे अरबी शब्दांत. तिसा सलासीन मया व अलफ म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार, ११३९. ह्यात ५९९ मिळवले की इसवी सन, हे मला पाठ होतं. एका पत्रात फाल्गुन महिना, वसईच्या मोहिमेसाठी होड्या जमवायची तजवीज, मी ५९९ मिळवून १७३८ लिहून मोकळी. आणि त्यावर अख्खं प्रकरण रचलं की वसईला वेढा पडायच्या वर्षभर आधीपासून होड्यांची जुळवाजुळव कशी पद्धतशीर चालू होती, चिमाजी अप्पांची दूरदृष्टी आणि काय काय. पण शुहूर सन बदलतो मृगाला, जूनच्या तोंडाला. त्यामुळं जानेवारीनंतरच्या तारखेला ६०० मिळवायचे. फाल्गुन म्हणजे १७३९, म्हणजे वेढा चालू असतानाचं पत्र, म्हणजे दूरदृष्टी नाही, ऐन वेळची धावपळ. मे महिन्यात वसई पडलीसुद्धा. माझ्या गाइडनी ते प्रकरण वाचलं, काही बोलले नाहीत, फक्त समासात लिहिलं, मृग कधी लागतो? नाशिकरोडला उतरेपर्यंत मला कळलं नव्हतं ते काय विचारतायत. प्रकरण फाडलं, सहा महिने गेले. पण नंतर जे लिहिलं ते जास्त खरं होतं, ऐन वेळी होड्या कुठून येतात, कोळ्यांना काय द्यावं लागतं, कोण नाही म्हणतं.

सगळं पुण्या-गोव्याला जाऊनच करायचं असंही नाही आता. डचांच्या व्हीओसी कंपनीचे कागद हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं स्कॅन करून ऑनलाइन टाकलेत, फुकट. आखाताकडचे इंडिया ऑफिसचे कागद कतारच्या डिजिटल लायब्ररीत आहेत. मुंबईचे सरकारी दफ्तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, तिथं मी वर्षानुवर्षं पंचवटीनं गेले आणि पंचवटीनं परत आले, डब्यात पोळी-भाजी आणि परतीला मासिक पासवाल्यांशी भांडण. आणि आपलं सार्वजनिक वाचनालय १८४०चं आहे, तिथं बसून जुनी पुस्तकं उलटायला कोणी फी मागत नाही.

सुरक्षेच्या बाजूला तुला कायदा यावाच लागतो, त्याला फाटा देऊन चालणार नाही. १९८२चा समुद्री कायद्याचा करार, आपला १९७६चा सागरी क्षेत्रांचा कायदा, किनाऱ्यापासून १२ सागरी मैल आपला प्रादेशिक समुद्र, २४पर्यंत लगतचा पट्टा, २००पर्यंत आर्थिक हक्काचा पट्टा, हे झोपेत सांगता आलं पाहिजे. ह्यातही नाशिकचं बोट लावते. १९०९च्या डिसेंबरात नाशकात कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, त्या प्रकरणात भगूरच्या सावरकरांना लंडनहून बोटीनं आणताना ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेलिसला उडी मारली, फ्रेंच पोलिसानं पकडून परत इंग्रजांच्या हाती दिलं. उडी सगळ्यांना माहीत असते, पुढचं फार कमी जणांना. फ्रान्स आणि ब्रिटन ह्या वादात हेगच्या कायम लवाद न्यायालयात गेले, फेब्रुवारी १९११मध्ये निकाल लागला की परत देण्यात गडबड झाली खरी, पण त्यामुळं ब्रिटननं कैदी परत करावा असं बंधन येत नाही. आता २०१२ घे, एनरिका लेक्सी ह्या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांनी केरळजवळ आपले दोन मच्छीमार चाचे समजून मारले, किनाऱ्यापासून साधारण साडेवीस मैलांवर. बारा आणि चोवीसच्या मधे, आणि सगळं भांडण त्या मधल्या पट्ट्यात काय चालतं त्यावर. तोही वाद हेगच्या त्याच संस्थेच्या छताखाली गेला, २०२०मध्ये निकाल आला, खटला इथं चालवता येणार नाही, भरपाई मात्र द्यावी लागेल. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाच, एमएचा प्रबंध आहे त्यात.

पैशाचं. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२, आणि ती वेळेवर येत नाही हे गृहीत धरून घरभाडं ठरव. वयाची अट तीस वर्षांची, पण बायकांना त्यात पाच वर्षांची सूट आहे. प्राध्यापकी म्हणशील तर जागा निघतात कमी आणि तासिका तत्त्वावर माणूस वाळतो, मी नऊ वर्षं वाळले, एका कॉलेजनं तर दिवाळीचे तास मार्चमध्ये दिले. त्यामुळे एकाच दारात उभी राहू नकोस. मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे, व्हाइस अॅडमिरल अवतींनी १९७८ला सुरू केलेली. दिल्लीत नॅशनल मेरिटाइम फाउंडेशन आहे, २००५ची, शिवाय संरक्षण अभ्यासाची आयडीएसए. अशा ठिकाणी इंटर्नशिप, संशोधन सहायक अशी कामं असतात, करारावरची, दोन-तीन वर्षांची. पाण्याखालचं पुरातत्त्व हवं असेल तर गोव्याची समुद्रविज्ञान संस्था आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज, पण तिथं पोहणं आणि सायन्स दोन्ही यावं लागतं. आणि ज्याकडं आपली मराठी पोरं बघतच नाहीत ते म्हणजे विमा आणि शिपिंग कंपन्यांचं जोखमीचं काम. कोणत्या बंदरात काय चाललंय, कोण कोणाचा माणूस, कागद खरा का खोटा, हे वाचून चार पानांत सांगणारा माणूस त्यांना लागतो, आणि इतिहासवाला ते बरं करतो. माझ्या एका विद्यार्थिनीचा पगार माझ्या निवृत्तीच्या पगारापेक्षा जास्त आहे, आनंद आहे, थोडा जळफळाटही आहे.

एमपीएससीचं सर म्हणतात ते अगदीच चूक नाही. कर अभ्यास, घरच्यांना दोन वर्षं गप्प बसवायला त्याच्यासारखं औषध नाही, आणि सामान्य अध्ययन वाया जात नाही. पण त्याच दोन वर्षांत मोडी झाली पाहिजे.

ह्या सुट्टीत एक कर. तुमच्या भागातल्या पाच-सहा द्राक्षवाल्यांकडं जा, २०२४च्या सीझनच्या कंटेनरची कागदपत्रं बघ, जहाजाचं नाव, निघाल्याची तारीख, पोचल्याची तारीख, भाडं, विमा, किती माल रद्द झाला. देतील, तुझ्या घरच्यांना ओळखतात. एक तक्ता कर, नावं काढून टाक, दहा पानं मराठीत लिही आणि मला पाठव. इंग्रजीचं नंतर बघू.

आणि लेण्यावर जाशील तेव्हा सकाळी लवकर जा, सोबत टॉर्च घे. अक्षरांवर समोरून उजेड पाडला तर काही दिसत नाही, भिंतीला टॉर्च जवळजवळ टेकवून आडवा मारायचा, मग खोबणीत सावली पडते आणि दमण, तापी, दाहनुका एकेक करून वर येतात.